खडखड काढून मिळेल

१

उत्तम शिवलकरशी जुन्या गाण्यांवर वाद घालू नये, हे शांती नगरातली माणसं एकदा पोळल्यावर शिकायची. ‘रेकॉर्डच्या आवाजाला काय ऊब होती हो, सीडीत ती मजा नाही,’ एवढं कुणी म्हणायची खोटी, की उत्तमने त्याला दंडाला धरून दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी नेलंच म्हणून समजा. आतल्या खोलीत एक खुर्ची होती, भिंतीकडे तोंड केलेली. पाहुण्याने तीत बसायचं, मागे वळायचं नाही, आणि नुसत्या कानांनी सांगायचं, आत्ता वाजतेय ती रेकॉर्ड की सीडी?

पाहुणा हमखास हरायचा. कारण उत्तम लबाडी करायचा. साफ केलेल्या सीडीत तो दुसऱ्याच कुठल्या रेकॉर्डची खरखर मिसळून ठेवायचा, आणि पाहुणा मान डोलावत सांगायचा, ‘ही बघा, ही खरी रेकॉर्ड. ऊब लपत नाही.’ मग उत्तम हसायचा. ‘ऊब कसली डोंबलाची. धूळ आहे ती. पिनेचे ओरखडे आहेत. तुम्ही कचऱ्याला दाद देताय, साहेब.’ पाहुणा चहा न घेताच निघून जायचा.

वीस वर्षं तो एका रेकॉर्ड कंपनीत नमुन्याच्या तबकड्या ऐकून दोष काढायचं काम करत होता. कंपनी बंद पडली तेव्हा हातात थोडे पैसे आणि डोक्यात भरपूर चीड घेऊन घरी बसला. त्यानंतर सात वर्षांत त्याने कॉम्प्युटर शिकून घेतला, एक जुना प्लेअर दुरुस्त केला आणि बाल्कनीच्या ग्रिलला पाटी लावली. ‘जुन्या रेकॉर्ड-कॅसेटची सीडी करून मिळेल. खडखड काढून मिळेल.’ दोन हजार सहा साली मीरा रोडात ह्या कामाला गिऱ्हाईक होतं. मुंबईतल्या चाळी सोडून इकडे आलेली माणसं, त्यांना माळ्यावरच्या रेकॉर्डी टाकवत नव्हत्या आणि वाजवायला प्लेअर नव्हता.

त्याच सात वर्षांतली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. घरी बसल्याच्या पहिल्या महिन्यात त्याने बायकोला, सुचेताला, एकदा मारलं होतं. एकच थोबाडीत. तिच्या हातातल्या पातेल्यावरचं झाकण उडालं आणि स्वयंपाकघराच्या लादीवर बराच वेळ गरगरत राहिलं. ते थांबल्यावर सुचेता म्हणाली होती, ‘पुन्हा एकदा हात उठला, तर त्या दिवशी मी गेले.’ त्यानंतर हात उठला नव्हता. उत्तमला त्याचा अभिमान होता, आणि पुढेपुढे तर त्याला असं वाटायला लागलं होतं की ती थोबाडीतही तशी फारशी जोरात नव्हतीच.

२

जवळच्या मुर्धा गावची मनोरमा म्हातारी सोमवारी सकाळी आली. सत्तरी उलटलेली, काटक, केसात अबोलीचा गजरा. कापडी पिशवीतून तिने एक छोटी रेकॉर्ड काढली. मधल्या गोल कागदावर काही छापलेलं नव्हतं, नुसता पांढरा. उत्तमने ती बघताक्षणी ओळखली. कंपनी बाजारात आणायच्या आधी एक-दोन नमुने काढते, त्यातली ही.

‘माझ्या दादल्याचा गाना हाय,’ म्हातारी म्हणाली. ‘राघो म्हनत त्याला. दोन वर्सं झाली जाऊन. कंपनीनं बोलावून गावून घेतला, एक तबकडी हातात दिली, मंग पुढं काय छापलीच न्हाय.’

‘का नाही छापली?’

‘ते म्हनले, यात खडखड येतंय.’

उत्तमने रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. चरेच चरे होते. त्याने तोंड वाकडं केलं. ‘मावशी, छळलंय हो तुम्ही हिला. किती वाजवलीत?’

‘वाजवली? कशावर? आमच्या घरात यंत्रच नव्हता कधी. आनली ती पेटीत ठेवली.’

म्हातारीचा विसर, असं म्हणून उत्तमने विषय सोडला. न वाजवलेली रेकॉर्ड अशी होत नाही. पेटीत घासली असेल, पोरांनी खेळायला घेतली असेल, घरात काय कमी हात असतात?

‘पुढच्या सोमवारी नातवाची हलद हाय,’ ती म्हणाली. ‘पोरं म्हनतात, आमचा आजा देवमानूस, काय गला व्हता. त्यांना ऐकवायचा हाय. पन गानाच राहूं दे. बाकीचा सगला काढून टाक. जमल ना?’

‘मावशी, तेच तर काम आहे माझं. एक टिचकी शिल्लक राहिली तर पैसे परत.’

ती लगेच उठली नाही. त्याच्या हातातल्या तबकडीकडे बघत बसली आणि मग म्हणाली, ‘गला चांगला व्हता त्याचा. खोटं का बोलू.’ एवढं सांगून ती जिना उतरून गेली.

३

मंगळवारी सुचेता पतपेढीत कामावर गेली, उत्तमने भांडी घासली, जेवला आणि दोनच्या सुमाराला हेडफोन चढवून बसला. बारीक खरखर सॉफ्टवेअर आपोआप खातं. मोठ्या टिचक्या मात्र तो हाताने काढायचा. पडद्यावर गाण्याची नागमोडी रेघ असते, तीत टिचकी म्हणजे उभा काटा. तो निवडायचा, डिलीटचं बटण दाबायचं, दोन्हीकडची टोकं जुळवायची. काढलेला तुकडा तो फेकत नसे, ‘कचरा’ नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये टाके. शेवटी ती फाईल एकदा ऐकायची, गाण्याचा एखादा सूर चुकून त्यात गेला नाही ना म्हणून. ही त्याची शिस्त होती.

राघोचा गळा खरंच सोन्याचा होता. होडी ओढतानाचं गाणं, खालून वर चढत जाणारं. उत्तमसारख्या माणसालाही एकदा थांबून ऐकावंसं वाटलं. पण काटे फार होते, आणि नेहमीसारखे नव्हते. रेकॉर्डच्या टिचक्या कोरड्या असतात, ह्या ओल्या होत्या. त्याने पहिला काढला. दुसरा काढला. दहा काढल्यावर हात बसला, मग तो झपाट्याने दाबत सुटला. त्यात एक चेव असतो, ज्याने हे काम केलंय त्यालाच कळेल. शंभराव्या काट्याला त्याच्या लक्षात आलं की आपण बटण दाबत नाही आहोत, हाणतो आहोत. टेबल हलत होतं. चहाचा कप केव्हा पडून फुटला ते कळलं नव्हतं. तरी तो थांबला नाही. पाच वाजता शेवटचा काटा गेला. खाली आकडा होता, दोनशे सतरा.

उजवा तळवा लाल झाला होता आणि चुरचुरत होता. तो त्याने पँटला पुसला आणि शिस्तीप्रमाणे ‘कचरा’ लावली.

गाणं बाजूला झाल्यावर उरलं होतं ते काय होतं, हे कळायला कान तयार असायला लागतात असं नाही. कुणालाही कळलं असतं. मुठीचा आवाज. मांसावरचा, मग हाडावरचा. काच फुटल्याचा, बांगडीची असते तशी बारीक काच. मध्येच दोरखंडाचे सपके, लागोपाठ नऊ. आणि प्रत्येकाच्या मागोमाग एक श्वास, आत ओढलेला, ओरडणं गिळून टाकलेला. उत्तमने दीड मिनिट ऐकलं आणि हेडफोन उतरवला. गाण्याच्या तालावर ढोलकीवाला चुकला असेल. मागे कुणीतरी काहीतरी आपटत असेल. स्टुडिओ म्हटला की काय काय येतं, त्याने वीस वर्षं ऐकलं होतं की.

दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन होत्या, पदराने घाम पुसत.

‘उत्तमभाई, सुचेताबेन घर पे है?’

‘नहीं, ऑफिस में. क्यों?’

‘तो फिर इधर मार किसको पड रहा है? दोपहर से चालू है. पहले मेरेको लगा, फर्निचर का काम होगा.’ त्यांनी त्याच्या खांद्यावरून आत डोकावून बघितलं. ‘पर फर्निचर रोता थोडी है, भाई.’

‘गाने का काम चल रहा था. आवाज बडा हो गया होगा. सॉरी.’

त्या त्याच्या लाल तळव्याकडे बघत बघत जिना उतरल्या. दार लावून उत्तम आत आला. टेबलावर हेडफोन पडला होता, त्याची वायर कॉम्प्युटरला तशीच खोचलेली होती. दुपारभर बाहेरच्या स्पीकरमधून एक चकार शब्द निघालेला नव्हता.

४

बुधवारी त्याने स्वतःची समजूत घातली. सिमेंटच्या भिंती असतात, तिसऱ्या मजल्यावर कुणी खिळा ठोकला तर पहिल्यावर वाटतं आपल्याच डोक्यात ठोकला. हंसाबेनला तर तसंही दुसऱ्याच्या घरातलं जरा जास्तच ऐकू येतं. सीडी तर झकास झाली होती. राघो गात होता, स्वच्छ, काल जन्मल्यासारखा.

आता गिऱ्हाइकाला दाखवायचं ते राहिलं होतं, आधी मूळ रेकॉर्ड, मग आपली सीडी, म्हणजे कळतं पैसे कशाचे ते. मूळ कुठून कुठवर वाजवायची ते ठरवायला त्याने रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली, पिन टेकवली आणि हेडफोन न लावता स्पीकरवर ऐकायला बसला.

राघो गायला लागला. एकही टिचकी आली नाही.

उत्तम पुढे वाकला. तबकडी फिरत होती, त्यावर चरे होते ते होतेच, पिन त्यांच्यावरून चालली होती आणि आवाज साफ येत होता, सीडीसारखा. कॉम्प्युटरमधून पुसलं तर कॉम्प्युटरमधून जावं. तबकडीवरून कसं जाईल? हे म्हणजे फोटो फाडला आणि माणूस गेला, असंच झालं. त्याने पिन उचलून पाहिली, तिच्यावरची धूळ साफ केली, वायर तपासल्या. पुन्हा लावली. पुन्हा साफ.

दुसऱ्या कडव्यानंतर जरा शांतता होती. तिथे एक आवाज आला.

एकच. उघड्या तळव्याचा, गालावरचा. त्यामागोमाग काहीतरी धातूचं खाली पडलं आणि गरगरायला लागलं, आधी मोठ्या फेऱ्या, मग लहान लहान, मग थरथरत थांबलं. राघो तिसरं कडवं गायला लागला.

उत्तमने पिन उचलली. झाकणं सगळ्यांच्या घरात असतात, त्याने स्वतःला सांगितलं. ह्या राघोने बायकोला बडवलेलं दिसतंय, चांगलंच, आणि झाकण तिथेही पडलं असेल. काल काढायचं राहिलं असेल एखादं. रेकॉर्ड त्याने पाकिटात घातली, पाकीट कपाटात टाकलं आणि ठरवलं, मूळबिळ ऐकवायची नाही. नुसती सीडी द्यायची आणि मोकळं व्हायचं.

५

गुरुवारी सुचेता संध्याकाळी आली, पर्स ठेवली, हातपाय धुतले. गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि तिथूनच, पाठमोरी, म्हणाली, ‘अहो, दुपारी घरी कोण येतं?’

‘गिऱ्हाईक येतं. का?’

‘बाई येते का कुणी?’

‘सुचेता, सरळ बोल काय ते.’

‘हंसाबेन भेटल्या खाली. म्हणाल्या, मंगळवारी दुपारभर तुमच्या घरात एका बाईला मारत होते. तीन तास. त्यांचे मिस्टर वर यायला निघाले होते, त्यांनीच अडवलं.’ ती वळली. चष्म्यावर वाफ धरली होती. ‘मी म्हटलं, आमचे हे तसले नाहीत. म्हणाले मी. पण म्हणताना मला माझाच आवाज खोटा वाटला. म्हणून विचारतेय.’

आता ह्यावर शहाण्या माणसाने काय करावं? तिला खुर्चीवर बसवावं, हेडफोन द्यावा, जे ऐकलं ते सांगावं आणि म्हणावं, मला भीती वाटतेय. उत्तमला भीती वाटतच होती. पण भीती वाटली की ह्या माणसाला चीड येत असे, आणि चीड आली की त्याला शब्द सापडत नसत.

‘तुझा विश्वास नाही माझ्यावर.’

‘विश्वासाचं नाही. काय झालं ते सांगा.’

‘सात वर्षं,’ तो म्हणाला. ‘सात वर्षं मी बोट लावलेलं नाही तुला.’

‘म्हणजे काय, उपकार केलेत?’

त्याचा तळवा चुरचुरायला लागला. मंगळवारसारखाच, मनगटापर्यंत. आतल्या खोलीतून आवाज आला, सपकन, हे उत्तम पुढे कुणालाही शपथेवर सांगायला तयार होता. आतल्या खोलीतून, कपाटातून आला. एवढंच त्याला ऐकू आलं आणि एवढंच आठवत होतं. त्यानंतर सुचेता फ्रीजला टेकून खाली बसलेली होती. चष्मा गॅसच्या शेगडीपाशी पडला होता, एक काडी मोडलेली. खालचा ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं होतं. चहाच्या पातेल्यावर ठेवायला तिने घेतलेलं झाकण लादीवर फिरत होतं. दोघंही त्याच्याकडे बघत राहिली, ते थांबेपर्यंत.

‘तो आवाज आतून आला,’ उत्तम म्हणाला. ‘ऐकलास ना तू? आतून आला.’

सुचेताने पदराने ओठ दाबून धरला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, ती त्याला नावाने कधी हाक मारत नसे.

‘उत्तम,’ ती म्हणाली, ‘बाजूला हो.’

पंधरा मिनिटांत ती बॅग घेऊन निघाली, डोंबिवलीला, भावाकडे. जिन्यात हंसाबेनचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं. उत्तमने गॅस बंद केला. चहा उतू जाऊन ज्योत विझली होती.

६

रविवारी दुपारी मनोरमा म्हातारी सीडी न्यायला आली. जिना चढायला तिला फार वेळ लागला. दार उघडून उत्तम मागे सरकला. म्हातारी काठी टेकत आली होती. उजवा डोळा सुजून मिटला होता, गाल हिरवा-पिवळा पडला होता, डावा हात फडक्याने गळ्यात बांधला होता.

‘मावशी, पडलात का?’

‘पडली न्हाय.’

ती त्या भिंतीकडच्या खुर्चीत बसली, दुसरी जवळ नव्हतीच. उत्तमने पाणी दिलं. ते पिऊन तिने भांडं खाली ठेवलं.

‘मंगलवारी दुपारी,’ ती म्हणाली, ‘अंगनात मासली साफ करत व्हते. थोरली नातसून बाजूला. पयली मूठ बसली ती कानाखाली. मी आडवी झाले. मंग दुसरा. मंग थांबलाच न्हाय, बाला. नातसून माझ्या अंगावर पडून बघते, तर मारनारा कोन दिसत न्हाय, आन मार तर पडतोय.’

उत्तम उभाच होता.

‘मी वलखला,’ ती म्हणाली. ‘पयला कानाखाली, तो लग्नाच्या पाचव्या दिसाचा. मधी दोरीचे नऊ. मोठा पोरगा पोटात व्हता तवाचे. ज्या वलीनं खाल्ले व्हते त्याच वलीनं आले. चालीस वर्सांचा मार, तीन तासांत.’ तिने चांगला हात मांडीवर पालथा ठेवला. ‘तुझा दोष न्हाय. मीच सांगितला व्हता, काढून टाक. मना काय ठावं, काढताना परत लागतो.’

‘मावशी, वय झालं की असं,’ उत्तम म्हणाला, ‘चक्कर येते, माणूस पडतं, मग वाटतं...’

‘वाजव,’ ती म्हणाली. ‘किंमत दिली हाय मी. वाजव.’

त्याने सीडी लावली. म्हातारी भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. राघो गात होता. तिचा मिटलेला डोळाही पाझरत होता. उत्तमला तेव्हा मनापासून वाटलं, हिच्यासाठी निदान एवढं तरी चांगलं झालं. गाणं संपलं.

‘आता तबकडी.’

‘तबकडी कशाला? तेच आहे.’

‘माझी हाय ती. वाजव.’

कपाट उघडावं लागलं. त्याने पिन टेकवली. पहिलं कडवं साफ गेलं, दुसरं साफ गेलं. मग ती शांतता आली, आणि तळव्याचा आवाज, आणि झाकण. पिन उचलायला उत्तमने हात पुढे केला आणि तो तसाच धरून राहिला. तिसरं कडवंही संपलं आणि दुसरा आवाज आला. तसाच. ह्या वेळी काचेचं काहीतरी शेगडीवर आपटलं, आणि झाकण पुन्हा फिरत फिरत थांबलं.

म्हातारी खुर्चीतल्या खुर्चीत वळली.

‘हे दोन त्याचे न्हाईत.’

‘असतील, मावशी. राहिले असतील.’

‘तो मुठीनं मारी. हा पंजा हाय.’ तिने काठीचं टोक जमिनीवर टेकलं. ‘आन आमच्या घरात सारवलेली भुई व्हती. भुईवर झाकन असा नाचत न्हाय. ही लादी हाय.’

काठीने तिने लादीवर दोनदा टकटक केलं. मग पहिल्यांदाच घरात नजर फिरवली, स्वयंपाकघराच्या दारातून आत, ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवलेल्या मोडक्या चष्म्यापर्यंत.

‘कुठं गेली ती?’

‘माहेरी.’

म्हातारी उठली. सीडी पिशवीत टाकली. उत्तमने रेकॉर्ड पाकिटात घालून पुढे केली, तर तिने घेतली नाही.

‘र्‍हाऊं दे. माझं त्यात आता काय न्हाय. ही तुझी हाय.’ दारात थांबून ती म्हणाली, ‘एक आयक, बाला. हे दोन काढू नको. कितीबी वाटला तरी काढू नको. असू दे. आयकत जा.’

७

ती गेल्यावर उत्तम त्याच खुर्चीत बसला. खालून हंसाबेनच्या घरातली रविवारची टीव्हीची गडबड येत होती. मग तो उठला, रेकॉर्ड पुन्हा लावली आणि कॉम्प्युटरमध्ये घेतली. नुसतं बघायला, असं त्याने स्वतःला सांगितलं.

पडद्यावर राघोचा गळा नागमोडी पसरला होता आणि त्यात दोनच काटे उभे होते. दोन. दोनशे सतरापुढे दोन म्हणजे काय? म्हातारी पडली असणार. सत्तरीच्या बाईचं अंग, जरा धक्का लागला की हिरवं-निळं होतं. दोरीचे नऊ तिला कुठून कळले, हा प्रश्न आला, तो त्याने बाजूला सारला. दिसत नाही असा मार कुणाला लागत नाही. असं काही जगात नसतं. आणि समजा, नुसतं समजा, हे दोन त्याचेच असले, तर ते इथे असे, रेकॉर्डवर, कुणीही पिन टेकवली की वाजणार? मरेपर्यंत? त्याच्या मागेही?

त्याला सुचेता परत हवी होती. हे खोटं नव्हतं. चार दिवसांत त्याने डोंबिवलीला अकरा वेळा फोन केला होता आणि मेहुण्याने अकरा वेळा ‘ती झोपलीय’ म्हणून ठेवला होता. ती आली की तिला ह्या खुर्चीत बसवायचं, त्याने ठरवलं. मूळ रेकॉर्ड ऐकवायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ऐक, म्हणायचं, कुठे काय आहे? काही नाहीये. पण त्यासाठी रेकॉर्ड साफ हवी होती.

म्हातारीचा सुजलेला डोळा त्याच्या डोळ्यांपुढे आला. त्याने तो पाहिला, अगदी नीट पाहिला. बोट बटणावरच होतं.

पहिला काटा निवडला. झाकणाच्या शेवटच्या थरथरीपर्यंत सगळा पट्टा काळा केला, आणि दाबलं. काही झालं नाही. घर होतं तसंच होतं. हंसाबेनचा टीव्ही चालू होता. उत्तमला जवळजवळ हसू आलं. दुसरा निवडला, दाबलं, टोकं जुळवली. राघोचं तिसरं कडवं चौथ्याला चिकटलं, जणू मध्ये कधी काही नव्हतंच. तळवा चुरचुरत होता, तो त्याने पँटला पुसला.

फोन वाजला.

पलीकडे, फोनपासून जरा लांब, सुचेताची भावजय घाबरून विचारत होती, ‘काय झालं, वन्सं? पाय घसरला का? अहो, रक्त येतंय, थांबा, बर्फ आणते.’ तिच्या बोलण्याच्या मागे लादीवर एक झाकण फिरत होतं. मोठ्या फेऱ्या, मग लहान लहान. उत्तम कानाला फोन लावून ते थांबेपर्यंत ऐकत राहिला.

‘उत्तम,’ सुचेता म्हणाली. ओठ सुजलेल्या माणसासारखं, शब्द सांभाळत. ‘मी इथे एकटी उभी होते. आत्ता काय केलंस तू?’